आधी श्वास, मग पाऊल: हिमालयात चढताना श्वास सांभाळायचा कसा

आतकरवाडीतून सिंहगड मी ५० मिनिटांत चढतो, हे काठमांडूला पोचेपर्यंत ग्रुपमधल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवून झालं होतं. मग एव्हरेस्टच्या वाटेवरचं लुक्ला आलं, फाकडिंगचा मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी दूधकोसीवरचा तो उंच झुलता पूल ओलांडल्यावर नामचेची चढण सुरू झाली. पुलापासून नामचे बाजार साधारण ६०० मीटर वर आहे. म्हणजे जवळपास एक सिंहगडच. वाट रुंद, वर पाइनची सावली, पाठीवर आठ किलोची सॅक. तरी ४० पावलं झपाझप टाकायची, धाप लागली की काठीवर ओणवं व्हायचं, दम खायचा, पुन्हा ४० पावलं, असा माझा प्रकार चालला होता. आमचा शेर्पा गाइड, ज्याला आम्ही सगळे ‘दाई’, म्हणजे नेपाळीत दादा, म्हणायचो, हात पाठीमागे बांधून मागून येत होता. माझी आई देवळात जाते त्याहून हळू. मी थांबायचो तेव्हा तो पुढे निघून जायचा, मी पळायचो तेव्हा मागे पडायचा, आणि शेवटी नामचेत माझ्या आधी पोचून चहा पीत बसलेला होता.

‘बिस्तारै, बिस्तारै,’ म्हणजे नेपाळीत ‘हळू, हळू’, एवढंच तो दिवसभर म्हणत होता. संध्याकाळी डोकं ठणकायला लागल्यावर मी मुकाट्याने त्याच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा हिंदीत म्हणाला, ‘पहले साँस, फिर पैर.’ पुढचे आठ-नऊ दिवस मी तेवढंच शिकत होतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचे मुक्काम उदाहरणाला घेऊन ते इथे सविस्तर मांडतो आहे. वाट दुसरी असली, म्हणजे हमता पास असो की लडाखमधला एखादा ट्रेक, तरी पद्धत तीच.

वर गेल्यावर नेमकं काय बदलतं

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दादरला २१ टक्के असतं आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि विरळ हवेच्या एका श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी. नामचे ३,४४० मीटरवर आहे, तिथे हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. ५,१६४ मीटरवरच्या गोरक्षेपला तो निम्म्याहून थोडाच जास्त असतो.

शरीर यावर पहिला उपाय आपणहून करतं. मानेतल्या धमन्यांपाशी ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्या मेंदूला इशारा देतात आणि श्वास वाढतो. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू उलटा हुकूम सोडतो: श्वास कमी कर. या दोन हुकमांच्या ओढाताणीत पहिले काही दिवस जातात. मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्त पुन्हा ताळ्यावर आणतात, तेव्हा कुठे श्वासाला मोकळीक मिळते. वातावरणाशी जुळवून घेणं म्हणतात त्यातला मोठा भाग हा असा मूत्रपिंडांचा आहे, आणि त्याला दिवस लागतात. डायमॉक्स ही गोळी हेच काम लवकर करायला लावते. म्हणूनच ती घेतल्यावर लघवीला जास्त जावं लागतं आणि बोटांना मुंग्या येतात.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण श्वासाचं तंत्र शिकलं की उंचीचा त्रास होणार नाही असा समज करून घेतलेले लोक मला दर ट्रेकला भेटतात. मूत्रपिंडांचे चार दिवस कुठलंही तंत्र वाचवू शकत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात काढायचा, हा नियम श्वासाच्या आधी येतो. विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस निवांत पडून राहावं ते याचसाठी.

मग श्वासाकडे लक्ष देऊन मिळतं काय? त्यासाठी थोडं गणित. आपण आत घेतलेल्या हवेतली साधारण १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुफ्फुसांच्या कामाच्या भागापर्यंत पोचतच नाही. धाप लागलेला माणूस मिनिटाला २४ उथळ श्वास घेतो आणि दर श्वासात पाव लिटर हवा आत ओढतो असं धरू. एकूण हवा ६ लिटर, त्यातली ३.६ लिटर नळीतच वाया, कामाला आली २.४ लिटर. तोच माणूस मिनिटाला १२ वेळा अर्धा-अर्धा लिटर घेईल तर तेवढ्याच ६ लिटरमधली ४.२ लिटर कामाला येते. आणि मिनिटाला फक्त ६ श्वास, पण दर श्वासाला १ लिटर, असं घेतलं तर ५.१ लिटर. हवा तेवढीच, कष्टही फार जास्त नाहीत, पण पदरात दुप्पट.

इटालियन संशोधकांच्या एका गटाने हे प्रत्यक्ष तपासलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४,५५९ मीटरवर राहिलेल्या निरोगी माणसांना १५ मिनिटं मिनिटाला ६ या गतीने सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगितलं. रक्तातली ऑक्सिजनची पातळी सरासरी ८० टक्क्यांवरून ८९ च्या पुढे गेली. ५,४०० मीटरवरच्या गटातही ८१ वरून ८८ च्या वर. हे बसून केलेल्या श्वसनाचे आकडे आहेत हे मात्र विसरू नका. चढताना मिनिटाला ६ श्वास कुणालाच पुरत नाहीत.

घरी: निघण्याआधीचे दोन महिने

पहिल्या आठवड्यात फक्त आडवं पडा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात छातीवर, एक बेंबीवर. श्वास घेताना बेंबीवरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळपास स्थिर. बहुतेकांचं उलटं होतं. रोज १० मिनिटं हे केलं की आठवड्याभरात पोटाने श्वास घेणं जमायला लागतं. मग तेच बसून, मग उभ्याने, मग पाठीवर सॅक घेऊन. सॅकसह जमेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण वर तुम्ही आडवे पडून चढणार नाही आहात.

त्यानंतर जिने. इमारतीत लिफ्ट असेल तर ती विसरा. पाठीवर सहा-सात किलो घेऊन दोन पायऱ्यांना श्वास आत, दोन पायऱ्यांना बाहेर, या ठेक्यात चढा. ठेका मोडला तर वेग कमी करायचा, श्वास वाढवायचा नाही. हे वाक्य सोपं वाटतं. पाचव्या मजल्यावर शेजारचा मुलगा धावत पुढे गेला की किती अवघड आहे ते कळतं.

शनिवार-रविवारी सिंहगड, राजगड, कळसूबाई, जे जवळ असेल ते. पण घड्याळ घरी ठेवून. आपल्याकडच्या ट्रेकर्सची खोड अशी की गड किती मिनिटांत ‘मारला’ यावर सगळी इभ्रत. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर हवा तुमची चूक पोटात घालते, ४,५०० मीटरवर घालत नाही. सह्याद्रीत उंचीची सवय होत नाही, पाय तयार होतात आणि ठेका तयार होतो. या दोन महिन्यांत एकच परीक्षा ठेवा: पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदाही दम खायला न थांबता, कितीही वेळ लागो, पोचायचं. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा सिंहगडाला दीड तास लागला होता आणि वर दही घेताना घामही फारसा आला नव्हता.

सॅक आणि कपडे

छोटी गोष्ट आहे, पण अर्धे लोक इथेच श्वास कोंडून घेतात. सॅकचा कमरेचा पट्टा पोटावर आवळला की बेंबीवरचा हात हलायला जागाच राहत नाही. पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. छातीवरची आडवी पट्टी पूर्ण श्वास घेऊन मग लावा, श्वास सोडून नव्हे. आतल्या थर्मलचा गळा घट्ट नको. थंड कोरड्या हवेने घसा सोलवटतो आणि तो सुप्रसिद्ध ‘खुंबू खोकला’ सुरू होतो, म्हणून तोंडा-नाकावर बफ, म्हणजे गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल, हवाच, पण एकच पदर. दुपदरी केला की ओला होऊन गोठतो आणि मग त्यातून हवा ओढावी लागते.

नाकाने घ्यायचा की तोंडाने, हा वाद मी मिटवून टाकलाय. जमेल तिथवर नाकाने आत, कारण हवा गरम आणि ओलसर होऊन जाते. नाक पुरेना झालं की तोंड उघडायचं. त्यात कमीपणा नाही.

चालताना: घाटातले चार गिअर

खंबाटकी चढताना आपण इंजिन कण्हायला लागेपर्यंत चौथ्या गिअरवर राहत नाही, चढ दिसला की खाली येतो. श्वासाचंही तसंच. मी चार गिअर ठरवून घेतलेत आणि मोजायला आकड्यांऐवजी वारीतलं नाव घेतो, कारण आकड्यांत मन लागत नाही. तुम्हाला ‘मिसळ-पाव’ म्हणायचं असेल तर तेही चालेल.

चौथा गिअर सपाट किंवा किंचित चढाच्या वाटेसाठी, लुक्ला ते फाकडिंगसारख्या. ‘ज्ञा-न-बा’ या तीन पावलांत श्वास आत, ‘तु-का-रा-म’ या चार पावलांत बाहेर. बेरीज सात, म्हणजे विषम, त्यामुळे उच्छ्वास दर वेळी वेगळ्या पायावर सुरू होतो. उच्छ्वास आत घेण्यापेक्षा लांब आहे याकडे लक्ष द्या. जुनी हवा नीट बाहेर गेली तरच नव्याला जागा होते.

तिसरा गिअर नामचेच्या चढासाठी, किंवा फुंगी थेंगापासून तेंगबोचेपर्यंतच्या अशाच दुसऱ्या ६०० मीटरच्या चढासाठी. ‘वि-ठ्ठल’ दोन पावलांत आत, ‘वि-ठ्ठल’ दोन पावलांत बाहेर. मिनिटाला ६० पावलं पडत असतील तर हे १५ श्वास होतात. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं तर वेग जास्त झालाय.

दुसरा गिअर ४,५०० मीटरच्या आसपास लागतो. दिंगबोचेहून निघून थुक्ला गाठलं की समोर दगडांची एक उभी चढण येते, वर गिर्यारोहकांच्या स्मारकांचा माळ आहे. तिथे ‘वि’ला एक पाऊल, श्वास आत. ‘ठ्ठल’ला दुसरं पाऊल, श्वास बाहेर. पाऊल वीतभर. लोकांना वाटतं तुम्ही थकलाय. वाटू द्या.

पहिल्या गिअरमध्ये दर पावलाला एक अख्खा श्वास. यासोबत रेस्ट स्टेप शिकून घ्यावी लागते. मागचा पाय गुडघ्यात सरळ करून त्याच्यावर पूर्ण भार द्या, म्हणजे वजन स्नायूंवर न पडता हाडांवर उभं राहतं. पुढचा पाय वर टेकवा पण सैल सोडा. या स्थितीत एक क्षण थांबून श्वास आत घ्या. मग वजन पुढे नेत, शरीर उचलताना श्वास बाहेर. पुन्हा थांबा. हे चालण्यापेक्षा सावकाश जिने चढणाऱ्या आजोबांसारखं दिसतं, आणि आजोबांना हे आपसूक कळलेलं असतं.

गिअर कधी बदलायचा? धाप लागल्यावर बदलला तर उशीर झाला. म्हणून वाटेच्या प्रत्येक वळणावर मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. खांदे कानांकडे चढलेत का? दात आवळलेत का? मागचा उच्छ्वास पूर्ण झाला होता का, की अर्ध्यावर तोडून नवा घेतला? तिसऱ्याचं उत्तर ‘तोडला’ असेल तर लगेच एक गिअर खाली. सजग श्वसन म्हणजे डोळे मिटून काहीतरी गूढ करायचं असं नाही. माझ्यापुरतं ते वळणावरचे हे तीन प्रश्न विसरू न देणं आहे, आणि दिवसभरात मी ते निदान निम्म्या वेळा विसरतोच.

अधूनमधून, दर सात-आठ श्वासांनी एकदा, ओठांचा चंबू करून जोर लावून श्वास सोडा. फुंकणीने चूल पेटवताना फुंकतात तसा. त्याने फुफ्फुसांत किंचित दाब राहतो आणि आतल्या बारीक पोकळ्या मिटत नाहीत. एव्हरेस्टच्या वाटेवर जो तो ‘फूऽऽ’ करत चाललेला दिसतो तो यासाठी. प्रत्येक श्वास असा सोडत बसू नका, गरगरायला होतं.

श्वास नकळत अडतो त्या जागा

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा रेंगाळतो. वर धाप लागते ती चढामुळे कमी आणि श्वास रोखल्यामुळे जास्त वेळा, आणि आपण तो रोखतोय याचा पत्ताही नसतो. खाली पाच सेकंद श्वास रोखला तर काही बिघडत नाही. ४,९४० मीटरवरच्या लोबुचेला तीच पाच सेकंदं पुढच्या दोन मिनिटांनी फेडावी लागतात.

बुटाची नाडी बांधणं हे पहिलं. आपण ओणवे होतो, पोट दाबलं जातं, आणि गाठ मारताना श्वास धरतो. उठल्यावर शर्यत पळून आल्यासारखं होतं. बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, तोंडाने श्वास सोडत सोडत नाडी बांधा. तेच स्लीपिंग बॅगची अडकलेली चेन ओढताना आणि सॅक झटक्यात खांद्यावर घेताना होतं. सॅक आधी मांडीवर, मग श्वास सोडत खांद्यावर.

पाणी पिताना घटाघट पिऊ नका, प्रत्येक घोटाला श्वास थांबतो. एक घोट, एक श्वास. गरम पाणी असेल तर आपोआपच तसं होतं.

फोटो काढताना हात हलू नये म्हणून सगळे श्वास रोखतात. उच्छ्वास संपतानाचा जो नैसर्गिक ठहराव असतो त्यात बटण दाबा आणि लगेच श्वास घ्या. सेल्फीसाठी पोट आत ओढून उभं राहणाऱ्यांना मी काय सांगू!

उंच दगडावर पाय टाकून अंग वर खेचताना बहुतेक जण श्वास धरून जोर लावतात. तालमीत वजन उचलताना उस्ताद सांगतात तेच इथेही: जोर लावताना श्वास बाहेर. समोरून याकचा तांडा आला की माणसं दचकून श्वास धरून कडेला उभी राहतात. डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही, आणि तो वेळ चार खोल श्वासांसाठी वापरा. झुलत्या पुलावरही तेच, भीतीने श्वास वरच्या वर चालतो.

आणि शौचालय. थंडी, बद्धकोष्ठ, उकिडवं बसणं आणि कुंथणं. ५,००० मीटरवर कुंथून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. भरपूर पाणी, सूप, आणि घाई नको.

थांबल्यावर

थांबणं ठरलेलं असावं, कोसळणं नव्हे. मी तासाला एकदा पाच-सात मिनिटं थांबतो. पहिलं मिनिट उभ्यानेच, काठ्यांवर किंचित झुकून, हातांवर भार देऊन. त्याने छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. श्वास खाली आला की बसा, जॅकेट घाला, आणि मग तो सावकाश प्रकार करा: पाच मोजत आत, पाच मोजत बाहेर. मिनिटाला सहा होतात. गुदमरल्यासारखं वाटलं तर चार-चार करा. ओढूनताणून पाचावर नेण्यात अर्थ नाही. संध्याकाळी लॉजमध्ये शेकोटीपाशी हेच १५ मिनिटं करा.

ऑक्सिमीटर असेल तर तो या वेळी लावा, बोट गरम करून. थंड बोटावर तो काहीही आकडा दाखवतो. ५,००० मीटरच्या आसपास ८० च्या आगेमागे आकडा दिसणं नेहमीचं आहे. घरी ९८ पाहायची सवय असलेल्यांचे डोळे पांढरे होतात आणि घाबरून श्वास आणखी बिघडतो. आकड्यापेक्षा कल पाहा: कालच्यापेक्षा आज बराच खाली आहे का, आणि माणूस बरा दिसतोय का. जेवणाच्या टेबलावर आकड्यांची स्पर्धा लावू नका. आमच्याकडे लागली होती, आणि जिंकलेला गडी दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी आडवा झाला.

प्राणायाम करणाऱ्यांना एक विनंती

रोज पहाटे कपालभाती-भस्रिका करणारे बरेच जण वर गेल्यावर त्याची मात्रा वाढवतात. कृपा करून नका करू. भराभर श्वास सोडल्याने कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकं हलकं होतं, बोटं-ओठ बधिर होतात. उंचीवर रक्त आधीच त्या दिशेला झुकलेलं असतं. कुंभक तर अजिबात नाही, श्वास रोखला की विरळ हवेत ऑक्सिजन फार लवकर घसरतो. दीर्घ श्वसन किंवा न रोखता केलेलं अनुलोम-विलोम ठीक. सरावाचा फायदा तुम्हाला नक्की होईल, कारण तुम्हाला श्वासाकडे पाहता येतं. तेवढंच वर न्या.

काला पत्थरची पहाट

गोरक्षेपहून काला पत्थर म्हणजे जेमतेम ४०० मीटरचा चढ, माथा सुमारे ५,५५० मीटरवर. लोक पहाटे चार-साडेचारला अंधारात निघतात. थंडी उणे दहाच्या खाली असू शकते आणि झोप झालेली नसते.

निघण्याआधी लॉजच्या आतच पाच मिनिटं सावकाश श्वसन करा. पहिली २० मिनिटं मुद्दाम पहिल्या गिअरवर, शरीर तापलं नसताना. पुढच्याच्या बुटांवर उजेड टाकून त्याच्या पावलात पाऊल टाकण्याचा मोह होतो, आणि तो वेगवान असेल तर तुमचा ठेका त्याच्या ताब्यात जातो. मी दहा फूट अंतर सोडतो. निम्म्या वाटेत एक पाऊल, एक श्वास पुरेना झालं, तेव्हा एक पाऊल, दोन श्वास केलं. दाई मागे होता. या वेळी ‘बिस्तारै’ म्हणाला नाही. दोन तास दहा मिनिटं लागली, त्यात आपण होऊन ठरवलेल्या दोनच विश्रांती. माझ्यापुढे निघालेले तिघे वाटेत दगडांवर बसलेले भेटले. वर नुप्त्सेच्या खांद्यामागून ऊन आलं तेव्हा मला बोलता येत होतं.

रात्री

पहिल्यांदा अनुभवलं की घाबरायला होतं. झोपेत श्वास हळूहळू वाढत जातो, खोल होतो, मग मंदावतो आणि काही सेकंद थांबतोच. मग दचकून, हवा गिळत जाग येते. शेजारी झोपलेला मित्र दहा सेकंद श्वासच घेत नाही हे ऐकत पडणं तर आणखी वाईट. ३,००० मीटरच्या वर हे अगदी नेहमीचं आहे. वर सांगितलेल्या दोन उलट हुकमांची ओढाताण झोपेत अशी उघडी पडते. जाग आली तर उठून बसा, दहा-बारा श्वास पाच-पाच मोजून घ्या, उशाला जॅकेट घालून डोकं थोडं उंच करा आणि पडा. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही श्वास आणखी मंद करतात, म्हणून दोन्ही नकोत. त्रास रोजचाच असेल तर डायमॉक्सने फरक पडतो. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी आणि बाकीच्या औषधांबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

श्वास काहीतरी सांगत असतो तेव्हा

थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास खाली आला पाहिजे. कालच्या थांब्यांना तीन मिनिटं लागत होती आणि आज तेवढ्याच चढाला दहा लागतायत, तर पुढे जाऊ नका. हा माझा ठोकताळा आहे, पण त्याने मला दोनदा वेळेवर थांबवलंय.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं म्हणजे उंचीचा आजार सुरू झाला असं धरा. त्या रात्री आणखी वर झोपायचं नाही. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी वर, नाही वाटलं तर खाली. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकवत एका सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. माणूस झोकांडत असेल, गोंधळल्यासारखं बोलत असेल तर मेंदूला सूज आलेली असू शकते.

फुफ्फुसात पाणी झिरपण्याची सुरुवात मात्र श्वासातच दिसते. इतरांच्या मानाने कुणी अचानक खूप मागे पडू लागतो, बसलेला असतानाही धापा टाकतो, आडवं झालं की जास्त त्रास, कोरडा खोकला, मग छातीत घुरघुर, ओठ-नखं निळसर, आणि उशिरा गुलाबी फेस. इथे सावकाश श्वसनाने ऑक्सिमीटरचा आकडा चार-पाच टक्के वर येईलही, आणि नेमका तोच धोका आहे: बरं वाटतंय म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात. थांबू नका. रात्र असली तरी सोबत घेऊन, सॅक दुसऱ्याच्या पाठीवर देऊन खाली निघा. निदान ३०० मीटर, शक्य तर १,००० मीटर, त्रास उतरेपर्यंत. ऑक्सिजन आणि औषधं मिळतील तिथे घ्या, पण त्यांच्यासाठी उतरणं लांबवू नका.

या वाटेवर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनचा. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर तासभर बोलतात. दिंगबोचेला मुक्काम असला तरी विश्रांतीच्या दिवशी टेकडी ओलांडून तिथे जाऊन येता येतं. आम्ही गेलो होतो. जाताना तिसरा गिअर, येताना दुसरा.